रेड-५ मधली दुसरी डिस्क

चार डिस्कची रेड-५, प्रत्येकी ४ टीबी. रेड-५ म्हणजे डिस्क जोडून केलेला एक संच, म्हणजे अ‍ॅरे; त्यात डेटासोबत पॅरिटी ही जादा माहिती वाटून ठेवलेली असते, म्हणून एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दुसरीही गेली की नाही. मला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. एक डिस्क अ‍ॅरेमधून बाहेर पडली, मी नवी लावली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा उरलेल्यांवरून नवीवर पुन्हा तयार करणं) सुरू केलं आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर रिबिल्ड अर्ध्यावर अडकलेलं, आणखी एक डिस्क बाहेर आणि अ‍ॅरे बंद.

रिबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. त्यातल्या एकीवर बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या छोट्या जागा, होत्या. तिथल्या जुन्या फायली कोणी उघडतच नव्हतं, म्हणून त्या इतके दिवस लपून राहिल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट'च्या तक्त्यात १९७ क्रमांकाची ओळ असते, 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न आलेले सेक्टर. तिथे २४ हा आकडा होता, आणि मी तो बघितला नव्हता. रिबिल्ड सुरू करण्याआधी उरलेल्या प्रत्येक डिस्कची ही ओळ बघा. (१९९ क्रमांकाच्या ओळीतला, म्हणजे डेटा पाठवताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला, बऱ्याचदा दोष तिचाच असतो.)

लिनक्समध्ये अ‍ॅरे सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमची 'क्रिएट' ही आज्ञा वापरून अ‍ॅरे नव्याने बांधावा, असं मला वाटत होतं. पण डिस्कचा क्रम, चंक (डेटाच्या तुकड्याचा आकार) किंवा ऑफसेट (डेटा डिस्कवर जिथून सुरू होतो ती जागा) चुकला आणि सिंक, म्हणजे डिस्कवर नव्याने लिहिणं, सुरू झालं, की हाती असलेला डेटाही जातो. वरिष्ठ मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "कशावरही काही लिहू नकोस. आधी कॉपी काढ."

बॅड सेक्टरवाली डिस्क डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची कॉपी काढणाऱ्या प्रोग्रामने कोऱ्या डिस्कवर उतरवली. कुठपर्यंत कॉपी झाली याची नोंद ठेवणारी मॅपफाइल द्याच, नाहीतर मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. सहज वाचता येणारा भाग आधी उचलायचा आणि खराब जागा शेवटी खरवडायच्या, कारण आजारी डिस्क तिथेच रेटत राहिलं तर बाकीचंही हातचं जातं. कुठून कुठे कॉपी करतोय, हे मी लेबलवरचा सिरियल नंबर मोठ्याने वाचून दोनदा ताडून पाहिलं. रात्री साडेअकराला पडद्यावरचा, वाचता न आलेल्या भागाचा आकडा ८,१९२ बाइटवर थांबला. ४ टीबीपैकी एवढंच गेलं होतं.

मूळ डिस्क काढून ठेवली. कॉपी आणि दोन चांगल्या डिस्क यांचे इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांचे प्रत्येक डिस्कवर नोंदलेले आकडे) जवळजवळ सारखे होते, म्हणून असलेला अ‍ॅरे पुन्हा जुळवणाऱ्या 'असेंबल' आज्ञेला 'फोर्स', म्हणजे जबरदस्तीने जुळव, हा पर्याय दिला. केवळ वाचण्यापुरतं माउंट करून सगळा डेटा बाहेर काढला, मगच नवी डिस्क जोडली.

डेबियन या लिनक्स प्रणालीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी होते. असे सेक्टर तिच्यातच सापडतात आणि पॅरिटीवरून दुरुस्त होतात. मशीन संथ होतं म्हणून आमच्याकडे ती कोणीतरी बंद केली होती. मी ती सुरू केली आणि पहिली फेरी संपेपर्यंत सर्व्हरशेजारून हललो नाही.