तैमूरविषयीची साधने कशी वाचावीत

प्रथम चौदाव्या शतकातील मध्य आशियाई विजेता तैमूर (तैमूरलंग) याची बिरुदे पाहावीत. त्याने स्वतःला कधीही खान म्हणवले नाही, कारण ते बिरुद चंगेजखानाच्या वंशजांचेच मानले जाई. चंगेजखानाच्या वंशातील सराय मुल्क खानम हिच्याशी विवाह केल्यावर तो ‘गुरगान’, म्हणजे जावई, हे बिरुद मिरवीत राहिला आणि गादीवर नामधारी खान बसवीत गेला. (एवढ्या दिग्विजयी माणसाला जावईपणाचा आधार लागावा, ही गंमतच.) त्यानंतर दोन परस्परविरोधी वृत्तांत शेजारी ठेवावेत: तैमूरचा नातू इब्राहीम सुलतान याच्या आश्रयाने शरफुद्दीन अली यझदीने लिहिलेला ‘जफरनामा’ आणि लहानपणी दमास्कसहून तैमूरच्या राजधानीत, समरकंदला, नेल्या गेलेल्या इब्न अरबशाहाचा कडवट ग्रंथ. पहिल्यातील स्तुती आणि दुसऱ्यातील द्वेष दोन्ही वजा करून वाचावे. मात्र १३९८ मध्ये दिल्लीच्या लढाईपूर्वी झालेली कैद्यांची कत्तल दरबारी लेखकही लपवीत नाही, हे ध्यानात घ्यावे. समरकंदच्या बागा, तंबू आणि मेजवान्यांसाठी १४०४ मध्ये तेथे पोहोचलेला कास्तील या स्पेनमधील राज्याचा राजदूत क्लाविहो वाचावा. शेवटी हाडांकडे वळावे: १९४१ मध्ये सोव्हिएत मानवशास्त्रज्ञ गेरासिमोव्हने गूर-ए-अमीर या समरकंदमधील कबरीतील तैमूरचा सांगाडा तपासला, तेव्हा उजव्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाला जुळून गेलेली आढळली; ‘लंग’, म्हणजे लंगडा, ही नुसती शत्रूंची कुचेष्टा नव्हती.