डार्ट बोर्ड लावताना अंतर भिंतीपासून मोजू नका

घरी बोर्ड लावताना हमखास होणारी चूक म्हणजे फेकायची रेषा भिंतीपासून मोजणं. बोर्डाची जाडी आणि ब्रॅकेट यांत काही सेंटिमीटर जातात आणि रेषा तेवढी जवळ येते.

१. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १७३ सेंमीवर घ्या, २० चा काळा भाग बरोबर वर.
२. दोऱ्याला जड नट बांधा आणि दोरा बोर्डाच्या पुढच्या कडेवरून खाली सोडा. नट डुलायचा थांबला की त्याखाली खूण करा. फेकायच्या रेषेसाठी जमिनीवर चिकटपट्टी लावा; खुणेपासून २३७ सेंमीवर तिची आपल्या बाजूची कड यायला हवी. (प्लॅस्टिक टोकाच्या डार्टसाठी २४४.)
३. मध्यापासून पट्टीच्या त्याच कडेपर्यंत तिरकं माप २९३ सेंमी (२४४ घेतलं असेल तर २९९) भरलं पाहिजे. फरशीला उतार असेल तर तो इथेच पकडला जातो.

स्टीलच्या टोकाचे डार्ट असतील तर बोर्ड सिसलचाच (एका वनस्पतीच्या धाग्यांचा) घ्या, त्यात भोकं बुजतात. आकड्यांची कडी सुटी होते ना, याची खात्री करा. २० ची जागा झिजली की बोर्ड दोन घरं फिरवून कडी परत बसवायची, म्हणजे वर काळाच भाग येतो.

सिसलचा बोर्ड ओल्या फडक्याने पुसू नका, धागे फुगतात.