सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी अभ्यासप्रकार कसे निवडावेत

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, पारखून त्यांचा एकत्र निष्कर्ष काढणं. सुरुवात त्या प्रश्नापासून करा. ‘आपण फक्त आरसीटी (उपचार कुणाला द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणाऱ्या यादृच्छिक चाचण्या) घेणार’ असं आधी ठरवून मग प्रश्न लिहायला घेतला, की पुढचं सगळं चुकत जातं.

उपचाराने फायदा होतो का, असा प्रश्न असेल तर यादृच्छिक चाचण्याच घ्या. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणात्मक (उपचार स्वतः न ठरवता फक्त काय होतं ते पाहणाऱ्या) अभ्यासांत दिसत होतं. पण त्या स्त्रिया मुळातच जास्त निरोगी आणि सुस्थितीतल्या असायच्या. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अमेरिकन अभ्यासात हार्मोन कुणाला द्यायचं हे यादृच्छिकपणे ठरलं, तेव्हा तो फायदा दिसला नाही. 2002 मध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

दुर्मिळ दुष्परिणाम शोधायचे असतील तर मात्र चाचण्या अपुऱ्या पडतात, कारण त्यांत माणसं थोडी असतात. रोटाशील्ड ही रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि 1999 मध्ये मागे घेतली गेली. आतड्यात आतडं शिरण्याचा तिचा धोका ठामपणे दिसला तो मंजुरीनंतरच्या केस-कंट्रोल (आजार झालेल्यांची न झालेल्यांशी तुलना करणाऱ्या) अभ्यासांत. तिथे फक्त आरसीटी घेणारा रिव्ह्यू वाचकाची दिशाभूल करेल.

बाकीचं सोपं आहे: आजाराचं प्रमाण हवं तर क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळी केलेली पाहणी), आजार पुढे कसा जाईल यासाठी कोहॉर्ट (एका गटाचा काही काळ मागोवा), रुग्णांच्या अनुभवांसाठी गुणात्मक अभ्यास (मुलाखतींसारखे).

आता कोणते अभ्यास घ्यायचे याचे निकष लिहा. माझा आग्रह इथेच सर्वात जास्त आहे: अभ्यासप्रकारांची नुसती नावं लिहू नका, वैशिष्ट्यं लिहा. ‘क्वासी-एक्सपेरिमेंटल’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक लेखक वेगळा लावतो. त्याऐवजी विचारा: गट कसे ठरले? तुलनेचा गट होता का? मोजमाप आधी आणि नंतर किती वेळा झालं? इंटरप्टेड टाइम सिरीज (एखाद्या बदलाच्या आधी आणि नंतर वारंवार मोजमाप करणारे अभ्यास) घेणार असाल तर बदलाच्या आधी आणि नंतर किमान 3-3 मोजमापं हवीत, असं लिहा. जन्मतारखेवरून किंवा एकाआड एक रुग्ण घेऊन केलेली विभागणी चालेल की नाही, हेही.

यादृच्छिक नसलेले अभ्यास घेत असाल तर त्याचं कारण द्या. त्यांचे निकाल चाचण्यांच्या निकालांत मिसळू नका. पूर्वग्रह, म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणारे दोष, तपासायला चाचण्यांसाठी रॉब 2 आणि यादृच्छिक नसलेल्या अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय ही साधनं वापरा.

हे सगळं निकाल पाहण्याआधी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिव्ह्यूच्या आराखड्यात, लिहून प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवा. पण नोंदवण्यापूर्वी दोघांनी वेगवेगळं बसून तेच निकष दहा-पंधरा शोधनिबंधांना लावून पाहा. जिथे दोघांचं उत्तर जुळत नाही, तिथे निकषाचं वाक्य बदला.