वस्तू दिसते कशी, हे लहान मुलांना कसे दाखवावे

सुरुवात आरशाने करू नये, कारण मग फक्त चकचकीत वस्तूच प्रकाश परावर्तित करतात, असा मुलांचा समज होतो. बुटांच्या खोक्याच्या झाकणात फट पाडून ती चिकटपट्टीने बंद करावी, आत खेळणे ठेवून झाकण घट्ट लावावे आणि बाजूच्या बारीक छिद्रातून मुलाला आत पाहायला सांगावे. अंधारात काहीच दिसणार नाही. मग झाकणातल्या फटीवरची चिकटपट्टी काढून टॉर्चचा झोत आत सोडला, की तेच खेळणे लख्ख दिसते. डोळ्यांतूनच काहीतरी बाहेर पडते, असे पुष्कळ मुलांना वाटते (काही प्राचीन ग्रीक विचारवंतांनाही तसेच वाटे), म्हणून प्रकाशाची वाट मुलाकडूनच बोटाने गिरवून घ्यावी: टॉर्चपासून खेळण्यापर्यंत आणि तिथून डोळ्यापर्यंत. चकचकीत नसलेल्या वस्तूही प्रकाश परावर्तित करतात, हे असे दाखवता येते: अंधाऱ्या खोलीत लाल कागदावर झोत टाकून समोर पांढरा कागद धरल्यास त्यावर लालसर झाक उमटते.