गाळाच्या खोऱ्यात तेल असेल का, हे कसे ताडावे : मुंबई हायचे उदाहरण

भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाचा नकाशा हाती आला की नवा अभ्यासक सर्वांत मोठ्या उंचवट्यावर बोट ठेवतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली असलेल्या मुंबई हायच्या बाबतीत ते बोट चुकले नसते, कारण ‘सागर सम्राट’ या जहाजावरून १९७४ मध्ये तेथेच तेलाचा शोध लागला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तरीही सुरुवात उंचवट्यापासून करू नये. खोरे ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने, म्हणजे तळापासून वर, वाचत जावे.

प्रथम तळखडक, म्हणजे सर्व गाळाच्या खालचा कठीण खडक, ओळखावा. मुंबईलगतच्या सागरी खोऱ्यात तो बऱ्याच भागांत दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांत दिसतो तोच काळा खडक आहे. काही भागांत त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक आणि ग्रॅनाइट आढळतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे उद्रेक झाले, त्याच सुमारास सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून अलग होऊ लागला आणि ताणल्या गेलेल्या कवचात भ्रंशांच्या (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकले आहेत अशा भेगांच्या) कडेने काही पट्टे खचले, तर काही उंच राहिले. हे खचलेले आणि उंच राहिलेले पट्टे नकाशावर वेगळ्या रंगांनी दाखवावेत, कारण पुढच्या प्रत्येक प्रश्नात ते पुन्हा लागतात.

त्यानंतर स्रोत खडक, म्हणजे ज्यातील सेंद्रिय द्रव्यापासून तेल तयार होते तो खडक, शोधावा. येथे तो मुख्यतः पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळातील पन्ना शैलसमूहाच्या शेलमध्ये, म्हणजे चिखल दाबला जाऊन बनलेल्या खडकात, मिळतो, आणि खचलेल्या भागांत हा शेल अधिक जाड व अधिक खोल आहे. (पॅलिओसीन, इओसीन, ऑलिगोसीन, मायोसीन हे त्या लाव्हानंतर एकामागून एक आलेले भूवैज्ञानिक काळ.) नमुन्यातील सेंद्रिय कार्बन अर्ध्या टक्क्याहून कमी निघाला तर फारशी आशा धरू नये. कार्बन पुरेसा असला तरी तो तापलेला असावा लागतो : साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात तेल तयार होते, त्याहून जास्त तापमानात वायूचे प्रमाण वाढत जाते. ते तापमान गाठले गेले होते का, हे व्हिट्रिनाइटच्या (खडकातील वनस्पतीजन्य कणांच्या) प्रकाश-परावर्तनावरून कळते, ०.६ ते १.३ टक्के ही तेलाची ढोबळ मर्यादा मानतात. या धंद्यात अशा तापलेल्या खोलगट भागाला ‘किचन’च म्हणतात. चूल कोठे आहे हे ठरल्याशिवाय उंचवट्याच्या आकाराला फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे.

साठवण खडकाच्या, म्हणजे ज्याच्या पोकळ्यांत तेल किंवा वायू साठतो त्या खडकाच्या, बाबतीत मात्र संपूर्ण खोऱ्याला एकच उत्तर लावण्याचा मोह टाळावा. ईशान्येकडील तापी-दमण भागात ऑलिगोसीन काळात नद्यांनी वाळू आणि चिखल आणून ओतला, म्हणून तेथे वाळूच्या खडकांतील वायू महत्त्वाचा ठरतो. गढूळ पाण्यापासून दूर, उथळ आणि स्वच्छ समुद्रात चुनखडक वाढत राहिला : वसईच्या वायूक्षेत्रात तो इओसीनचा, तर मुंबई हायवरील मुख्य साठ्यात मायोसीनचा. चुनखडक जाड असला म्हणजे तो चांगला, असे नसते. समुद्रपातळी उतरल्यावर तो उघडा पडला आणि पावसाच्या पाण्याने विरघळून त्यात पोकळ्या पडल्या, तरच त्याची साठवणक्षमता वाढते. म्हणून विहिरीतून काढलेल्या गाभ्याच्या नमुन्यात अशा उघडे पडण्याच्या खुणा थराथराने नोंदवाव्यात आणि सच्छिद्रतेबरोबर पार्यताही (द्रव वाहू देण्याची क्षमता) मोजावी, कारण एकमेकांना न जोडलेल्या पोकळ्यांतले तेल विहिरीपर्यंत येत नाही.

आच्छादनाचा, म्हणजे तेल वर निसटू न देणाऱ्या थराचा, प्रश्न येथे तुलनेने सोपा आहे, कारण मध्य मायोसीननंतर साचलेल्या शेलच्या जाड थरांनी खालचे खडक झाकले आहेत. मात्र एखादा भ्रंश ते आच्छादन चिरून वर गेला आहे का, हे सर्वेक्षणाच्या प्रत्येक रेषेवर तपासावे.

आता एका आडव्या कालपट्टीवर स्रोत, साठवण, आच्छादन, सापळ्याची (तेल अडकून राहते अशा रचनेची) निर्मिती आणि तेलाचे स्रोतातून सापळ्याकडे स्थलांतर अशा ओळी एकाखाली एक आखाव्यात. सापळा स्थलांतराच्या आधी तयार झालेला दिसला पाहिजे. तो नंतरचा असेल, तर बाकी सर्व जुळूनही विहीर कोरडी निघण्याची भीती राहते. मुंबई हायचा उंचवटा मूळ तळखडकातूनच चालत आलेला असल्यामुळे वरचा गाळ साचून खोलगट भागातील शेल तापेपर्यंत तो जागेवर होता.

विहिरीचा आराखडा करताना चुनखडकाच्या तळाशी थांबू नये. मुंबई हायवर भेगाळलेल्या तळखडकातही तेल मिळाले आहे, त्यामुळे सुरुवातीला ओळखलेल्या त्या खडकात काही अंतर खोदून भेगांची दिशा आणि दाट-विरळपणा नोंदवून घ्यावा.