मुगाच्या दाण्यांतून बीजांडांचा हिशेब शिकवताना

निपाणीत पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गाला हा धडा शिकवायला मी मूग घेऊन जाते. एक दाणा म्हणजे दहा हजार बीजपेशी, म्हणजे ज्यांतून पुढे बीजांडं होतात त्या पेशी, हे आधीच सांगून टाका. वीस आठवड्यांच्या स्त्रीगर्भासाठी ६००-७०० दाणे परातीत ओता. जन्मावेळी १००-२०० ठेवा, वयात येताना ३०-४०. आयुष्यभरात बाहेर पडणारी बीजांडं साधारण ४००, म्हणजे एका दाण्याचा पंचविसावा भाग! इथं मागचा बाकसुद्धा मान वर करतो.

मग विचारा, परातीत नवा दाणा पडतो का, म्हणजे जन्मानंतर नव्या बीजपेशी तयार होतात का? शरीररचनाशास्त्रज्ञ झुकरमन १९५१ मध्ये 'नाही' म्हणाले. २००४ मध्ये अमेरिकी संशोधक जोनाथन टिलींच्या गटानं उंदरांवरून 'हो' म्हटलं. २०१२ मध्ये त्याच गटानं मानवी अंडाशयातूनही नवी बीजांडं बनवू शकणाऱ्या मूळपेशी, बीजपेशींत आढळणाऱ्या डीडीएक्स४ प्रथिनाच्या खुणेनं वेगळ्या केल्याचा दावा केला. गोम तिथंच आहे. ते प्रथिन पेशीच्या आत असतं, पृष्ठभागावर नाही, मग त्या खुणेनं जिवंत पेशी पकडणार कशी, असं टीकाकारांचं म्हणणं. २०२० मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेच्या गटानं एकेक पेशी तपासली, तर त्या खुणेनं पकडलेल्या पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच्या निघाल्या.

उंदराचं उत्तर माणसाला चिकटवू देऊ नका. आणि मूग मोजून परत आणा. माझे एकदा कपाटात मोड आलेले सापडले.