फादरांच्या आठवणीत शाळेत सोशल भरवायचा तर

शोकसभा तासाभरात उरकते. फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता, पाच भाषणं, चहा. ज्या फादरांनी नाशिकच्या शाळेच्या हॉलमध्ये नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी सोशल, म्हणजे जोडीने नाचायचे मेळावे, भरवले, बुजऱ्यांना हाताला धरून जाइव्ह हा जलद जोडीनाच शिकवला, त्यांच्यासाठी तसाच एक सोशल पुन्हा भरवणं जास्त शोभतं. त्याला तीन महिने लागतात.

पहिली अडचण तारखेची. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, नाच नको. २०२७ साली लेंटचा पहिला दिवस, भस्म बुधवार, १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, मधले दिवस सोडून द्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते. त्या दोन दिवसांत ना लॉज मिळत, ना मोकळे फादर. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये कुंभमेळ्याची शाही स्नानं आहेत, तेव्हा पुण्यतिथी येत असली तरी कार्यक्रम पुढे ढकला. सगळ्यांत सोयीचा म्हणजे दिवाळी आणि ॲडव्हेंट (नाताळाच्या तयारीचा काळ) यांच्यामधला शनिवार. २०२६ मध्ये १४ किंवा २१ नोव्हेंबर. नोव्हेंबर हा तसाही मृतांच्या स्मरणाचा महिना. मात्र दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं ऑफिस बंद असतं, म्हणून हॉलची लेखी परवानगी आधीच हातात घ्या.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सकाळी ठेवा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, त्यामुळे मृतांसाठीच्या खास प्रार्थना आणि वाचनं तिथे घेता येत नाहीत. सकाळच्या मिस्सेला ती अडचण सहसा नसते. फादरांचं नाव पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, मिस्सा-वहीत लवकर नोंदवा, कारण साधारणपणे एका मिस्सेला एकच इंटेन्शन (ज्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायची ते नाव) घेतात. फोटो अल्तारावर, म्हणजे वेदीवर, ठेवायचा नाही, बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवा. माजी विद्यार्थ्यांत कॅथलिक नसलेले बरेच असणार. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या, वेळी त्यांनी जागेवरच बसावं, हे निमंत्रणातच एका ओळीत लिहा, म्हणजे रांगेत कुणाची पंचाईत होत नाही.

मुंबईहून येणारे सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने येतात आणि संध्याकाळच्या तपोवनने परततात. गावातून नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर, त्यात द्वारका चौकातला ट्रॅफिक. म्हणून मिस्सा ११ ला, मग साधं जेवण, सोशल सव्वादोन ते पावणेपाच. दुपारी कसला सोशल, असं कुणीतरी म्हणणारच. खिडक्यांना जाड पडदे लावा. साठीतल्या गुडघ्यांनाही दुपारच बरी. रात्री १० नंतरच्या लाउडस्पीकरबंदीचा प्रश्नही मिटतो. तरी शाळा शांतता क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात विचारून ठेवा. रेकॉर्ड केलेली गाणी लावायला पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कसंस्थांचा परवाना लागतो. धार्मिक विधीला सूट आहे, सोशल त्यात बसेल असं गृहीत धरू नका.

हॉल ४० बाय ६० फुटांचा असेल तर भिंतीलगतच्या खुर्च्या आणि एका टोकाची टेबलं वगळून नाचायला ३० बाय ५० उरतो. जाइव्ह करणाऱ्या जोडीला ६ बाय ६ फूट लागतात, म्हणजे एका वेळी जेमतेम ४० जोड्या. दीडशे माणसांना एवढं पुरतं, कारण निम्मे बसूनच बघतात.

फरशीकडे मात्र नीट लक्ष द्या. फिनाइलने पुसलेली शहाबादी किंवा कोटा फरशी चिकट राहते, बूट अडकतो आणि गुडघा मुरगळतो. आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने, मग दोनदा साध्या पाण्याने पुसून पंखे लावून वाळवा. टाल्कम पावडर टाकायचा मोह होतो. जुन्या लाकडी फ्लोअरवर ते चालायचं. दगडी फरशीवर माणूस सपशेल आडवा होतो.

आता गाणी. अडीच तासांतून मध्यांतराची वीस आणि बोलण्याची दहा मिनिटं काढली की दोन तास उरतात. गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं, म्हणजे चौतीस गाणी. तीन जलद, एक संथ, असा क्रम ठेवा. सलग दोन वॉल्ट्झ (संथ नाच) लावल्या की अर्धा हॉल खुर्चीत जाऊन बसतो आणि परत उठत नाही.

फादरांच्या जुन्या कॅसेटी कुणाच्या तरी माळ्यावर निघतात. मिळाल्या की लगेच वाजवू नका. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला काढा, नाहीतर टेपरेकॉर्डरचं हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटींनाही बुरशी लागते. कॅसेटच्या उघड्या बाजूला, मधोमध, टेपच्या मागे पातळ पत्र्याच्या पट्टीवर नखाएवढा मऊ तुकडा चिकटवलेला असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी डिंक वाळून तो गळतो आणि गाणं उशीखालून ऐकू आल्यासारखं लागतं. स्क्रूवाल्या एखाद्या निकामी कॅसेटमधून पट्टीसकट तो काढून बसवता येतो. त्यानंतर टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसा. साठ मिनिटांच्या कॅसेटला कॉम्प्युटरवर उतरायला साठ मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. सगळी गाणी जड आणि संथ वाटली तर दोष बहुधा यंत्राच्या रबरी पट्ट्याचा, कॅसेटचा नाही.

पहिली वीस मिनिटं कुणीच उठत नाही. मुलगे एका भिंतीला, मुली दुसरीला, वय साठ असलं तरी. उपाय जुनाच: ग्रँड मार्चने सुरुवात करा. फादरांच्या वेळचे दोन धीट विद्यार्थी पुढे, बाकीचे जोडीजोडीने मागे. एकदा पाय हलले की जोड्या आपोआप बदलतात. फादरांचे नियम आधी फोनवर सगळ्यांकडून गोळा करून फळ्यावर खडूने लिहा. दिवे पूर्ण बंद नाहीत, गेटबाहेर गेलेल्याला पुन्हा प्रवेश नाही, आणि जोडीच्या मध्ये पवित्र आत्म्याला जागा. लोक भाषणापेक्षा त्या फळ्यापाशीच जास्त रेंगाळतात.

सरबत दर शंभर जणांमागे प्रत्येकी दीडशे मिलीचे दोन ग्लास, म्हणजे ३० लिटर. एकास चार प्रमाणाने ७५० मिलीच्या ८ बाटल्या स्क्वॉश आणि २४ लिटर पाणी. कारखान्यातली लादी सरबतात टाकू नका, तो बर्फ खायचा नसतो. पातेलं टबात ठेवून भोवती रचा. पॅटिस शंभरामागे ११० मागवा. दारू अजिबात नको, ती शाळा आहे.

आठवणी बोलायला चौघेच, प्रत्येकी दोन मिनिटं. माइक खुला सोडला की तो कुणाच्या हातून सुटत नाही. बाकीच्यांसाठी कोपऱ्यातल्या वर्गात फोन स्टँडवर लावा आणि एकच प्रश्न विचारा: पहिल्या सोशलला तुम्हाला फ्लोअरवर कुणी ओढलं? ‘फादरांबद्दल काय सांगाल’ म्हटलं की सगळे ‘फार प्रेमळ होते’ म्हणून गप्प बसतात.

आत्ताच्या विद्यार्थ्यांना बोलवत असाल तर पालकांची सही घेतलेलं पत्र आणि दारावर दोन शिक्षक हवेत. त्यांचे फोटो परस्पर ग्रुपवर टाकू नका.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून लगेच परत द्या. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. ध्वनिफिती आणि फोटोंची एक प्रत शाळेला द्या, आणि फादर एखाद्या धर्मसंघाचे असतील तर दुसरी त्या संघाच्या प्रांतकार्यालयाला.